झाकलेली रास

आजच्या या कृतज्ञता सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या कातळवाडीचे वडीलधारे आणि मांडव बांधून व्हायच्या आधीपासून येऊन बसलेले आदरणीय गेणभाऊ. महाळुंगे पडवळहून उन्हातान्हात आलेले आजचे प्रमुख पाहुणे आदरणीय जानकूबाबा. रोकडोबा यात्रा समितीचे आजी आणि माजी पदाधिकारी. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती कुशाबाई. पंचक्रोशीतून यात्रेला आलेले पाहुणे. माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि मांडवात भरपूर जागा असूनही बाहेर मोटारसायकलींवर बसून राहिलेल्या तरुण मित्रांनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

थोडक्यात बोला, असं गेणभाऊंनी मला सांगितलं आहे. गेणभाऊंचं स्वतःचं प्रास्ताविक आपण सर्वांनी ऐकलंच आहे, तेव्हा थोडक्यात म्हणजे किती, याचा अंदाज मला आला आहे.

सासूच्या सत्काराला सुनेनं बोलावं, ही कल्पना यात्रा समितीची. समितीत सगळे पुरुष आहेत, हे वेगळं सांगायला नको. सून चांगलं बोलली तर लोक म्हणणार, घरी राहायचंय ना बिचारीला. वाईट बोलली तर मी पुन्हा घरी जायचं कुठं? म्हणून मी असं ठरवलं आहे की चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, फक्त जे झालं ते सांगायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच बसल्या आहेत. शाल त्यांनी अंगावरून काढून घडी करून मांडीवर ठेवली आहे. चैत्रातल्या उन्हात माणसाच्या अंगावर लोकरीची शाल का घालतात, असं त्यांनी मघाशी मला विचारलं. मी त्यांना सांगितलं, पद्धत आहे. त्यावर त्या गप्प बसल्या, कारण पद्धत म्हटलं की त्यांना बोलता येत नाही.

माझ्या जुन्नरच्या शाळेतल्या काही शिक्षिका आज पहिल्यांदाच आपल्या यात्रेला आल्या आहेत. त्यांच्यासाठी आधी पद्धत सांगते. गावकऱ्यांनी तेवढा वेळ एकमेकांशी बोलायला हरकत नाही, तसेही ते बोलतच आहेत.

आपल्या यात्रेला आमटी गावाची आणि भाकरी घराघराची. आमटी इथे कढईत शिजते, वास आपल्याला येतोच आहे. भाकऱ्या मात्र प्रत्येक घरातून येतात. कुणी किती आणायच्या, हे कुणी सांगत नाही. कुणी किती आणल्या, हे कुणी विचारत नाही. बाया पाटीवर फडकं टाकून येतात, देवळाशेजारच्या ओवरीच्या मागच्या दारानं आत जातात आणि भाकऱ्या राशीला लावतात. राशीवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं असतं आणि शेजारी समई तेवत असते. ओवरीच्या पुढच्या दाराशी राशीवाली बसते. वाढपी पाटी घेऊन आला की ती धोतराखाली हात घालते, हाताला येतील तेवढ्या भाकऱ्या काढते आणि त्याच्या पाटीत ठेवते. शेवटची पंगत उठेपर्यंत धोतर उचलायचं नाही, आत डोकवायचं नाही, आणि राशीवालीनं तोवर जेवायचंही नाही. रास बघितली की आटते, अशी गावाची श्रद्धा आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रास पंगतीला वाढल्यामुळे आटते, बघितल्यामुळे नाही, हे मला कळतं. पण मी जे पुढे सांगणार आहे, ते ऐकून झाल्यावर विज्ञानाचं काय करायचं ते आपण आपापलं ठरवा.

या राशीवर आत्याबाई किती वर्षं बसल्या, हे समितीनं मानपत्रात लिहिलेलं आहे. आकडा चुकला आहे, असं आत्याबाईंचं म्हणणं आहे. बरोबर कुठला ते त्यांनाही माहीत नाही. आता गुडघ्यांनी साथ सोडली. सकाळी मांडी घातली की पंगती उठेपर्यंत जागा फारशी सोडता येत नाही, आणि आता एकदा बसलं की दोन माणसांनी उठवावं लागतं. म्हणून आजपासून त्या राशीवरून उठत आहेत. त्यांच्या जागी आज कोण बसणार, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. समितीनं तीनदा माणूस पाठवला. तिन्ही वेळा त्यांनी माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

माझं लग्न एक्क्याण्णव सालचं. माहेर जुन्नरचं. वडील कचेरीत नोकरीला, त्यामुळे आमच्याकडे सगळं वेळेवर आणि मापात. या घरात पहिल्यांदा चुलीपुढे बसले तेव्हा मी आत्याबाईंना विचारलं, "किती जणांचा स्वयंपाक करायचा?"

त्या म्हणाल्या, "आसतील तेवढ्यांचा."

"म्हणजे किती?"

"आगं, अजून दिस मावळला न्हाई. आत्ताच कसं सांगू?"

मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा करतायत. थट्टा नव्हती. आमचं घर बेल्ह्याच्या रस्त्याला. तिथल्या बैलबाजाराच्या दिवशी ज्याचा बैल विकला गेला नाही, तो परत जाताना आमच्या ओट्यावर टेकायचा, कारण त्याला दुःख झालेलं असायचं. ज्याचा विकला गेला, तोही टेकायचा, कारण त्याला आनंद झालेला असायचा. दोघांनाही भूक सारखीच लागलेली असायची. आत्याबाईंनी कधी आत घरात किती आहे ते बघायला कुणाला पाठवलं नाही. माणूस दिसला की म्हणायच्या, "बसा पावणं, हात धुवा."

पीठ कमी असलं की भाकऱ्या कमी व्हायच्या नाहीत, लहान व्हायच्या. आणखी कमी असलं की पातळ व्हायच्या. एका वर्षी मी अशी भाकरी बघितली आहे की पापडानं लाजावं. मी एकदा धीर करून म्हणाले, आत्याबाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या, "पाय आखडायला म्या कवा न्हाई म्हणलं? पर शेजारी माणूस निजलाय, त्याच्या अंगावरनं वढायचं न्हाई."

अठ्ठ्याण्णव साली आमच्या घरी फ्रीज आला. दुधाच्या पैशातून यांनी घेतला. 'यांनी' म्हणजे श्री. सुदर्शन, आत्याबाईंचे चिरंजीव आणि माझे यजमान. ते तिथे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. तर आत्याबाईंनी फ्रीजभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याच्यात काय ठिवायचं?" हे म्हणाले, उरलेलं अन्न. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी आता रोज उरवाया लागंल." आजही आमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या, गाईच्या औषधाची बाटली आणि मोगऱ्याचा गजरा, एवढंच असतं. फ्रीजला स्वतःलाच करमत नसावं.

आता यावरून आपला असा समज होईल की आत्याबाई म्हणजे कुणी संत आहेत. तसं काही नाही. देवावर सगळं सोपवणाऱ्या या बाई साखरेचा डबा मात्र देवावर सोपवत नाहीत, स्वतःच्या खोलीत ठेवतात. रोकडोबाशीही त्यांचं भांडण असतं. उधारी ठेवत नाही म्हणून या देवाचं नाव रोकडोबा, असं गावात सांगतात, त्यावर आत्याबाई देवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "माझ्याच टायमाला बरी उधारी चालती." देव देतो, हे त्या रोज म्हणतात. पण त्याला लागूनच म्हणतात, "पर दळण आपल्यालाच आणाया लागतं."

आणि एक त्यांचं बोलणं आहे, ते मी वर्गात मुलांना सांगत नाही, कारण अभ्यासक्रमात नाही. त्या म्हणतात, "देवानं दाणा मोजून दिला न्हाई, पर पोट मोजून दिलंय. तेवढं कळलं तरी लई झालं."

आता मूळ मुद्द्याकडे येते. गेणभाऊ घड्याळाकडे बघतायत, पण घड्याळ बंद आहे हे मला माहीत आहे.

दोन हजार तीन साल. दुष्काळाचं वर्ष. बाजरी हातची गेली होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि छावणीत नेलेली जनावरं बघवत नव्हती. यात्रा पंधरवड्यावर आली तेव्हा याच देवळात बैठक झाली. समितीचे अध्यक्ष त्या वर्षी आमचे हे होते. माणूस सज्जन. काळजी करणं हा त्यांचा जोडधंदा आहे. बैठकीत एकेक सूचना आली. कुणी म्हणालं, यंदा नुसता नारळ फोडू. कुणी म्हणालं, खडीसाखर वाटू. कुणी म्हणालं, जेवण ठेवू, पण फक्त गावापुरतं, बाहेरच्यांना सांगावा नको. सगळ्यांना ते पटत होतं. खरं सांगायचं तर मलाही पटत होतं.

आत्याबाई बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सांगावा दरसालासारखा जाऊ द्या. ज्याच्या घरी जेवढं आसंल तेवढं त्यो आणंल. येक भाकर आली तर येक, अर्धी आली तर अर्धी."

हे म्हणाले, "आई, आन् कमी पडलं मंजी?"

"दर साली कमी पडलंय का?"

"दर साली दुष्काळ व्हता का?"

लेकानं आईला भर बैठकीत उलट विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता. आत्याबाई थोडा वेळ रोकडोबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातनं पावणं उपाशी गेलं, तर म्या परत राशीवर बसणार न्हाई. झालं?"

झालं. सांगावा गेला. आणि त्या दिवसापासून यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याबाई निवांत झोपायच्या आणि हे आढ्याकडे बघत बसायचे. आईचा शब्द गेला तर आई त्या ओवरीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे त्यांना माहीत होतं. आणि राशीवर बसणं सोडलं तर आत्याबाईंनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलंच नव्हतं. त्यांना यात्रेची काळजी नव्हती. त्यांना आईची काळजी होती. हे मी आज मुद्दाम सांगते आहे, कारण गावात ही गोष्ट सांगताना एवढंच नेमकं गाळलं जातं.

यात्रेचा दिवस उजाडला. मागच्या दारानं बाया येऊ लागल्या. पाट्या नेहमीपेक्षा लहान होत्या, काहींच्या हातात नुसतं फडक्यात बांधलेलं होतं. पण येत होत्या. दुपारी केशरबाई आल्या. केशरबाईंचं घर बौद्ध आहे. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्याकडून यात्रेला कुणी येत नाही, आणि कुणी बोलावून आग्रहही करत नाही. दोन्हीकडे ते समजून घेतलेलं आहे. त्या दिवशी त्या डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुशाक्का, ह्ये तुमच्या देवाला न्हाई बरं का. ह्ये पावण्यांना." आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "देव कुठं भाकर खातोय? लाव राशीला." केशरबाईंच्या मागोमाग त्यांच्या आळीतल्या आणखी बाया आल्या. मी तिथेच आमटीच्या बादल्या भरून देत होते, म्हणून मला माहीत.

आता इथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्या. भाकऱ्या येतात मागच्या दारानं, जातात पुढच्या दारानं. रास लांबलचक, पार मागच्या अंधाऱ्या भिंतीपर्यंत, जिथे समईचा उजेड पोचत नाही. राशीवालीचा हात पुढच्या बाजूला. म्हणजे दिवसभर पुढची बाजू रिकामी होत जाते आणि मागची भरत जाते. आत्याबाईंचा हात जसजसा आत जातो, तसतशा त्या स्वतःही थोड्या थोड्या आत सरकतात.

मधल्या एका पंगतीला आत्याबाई पाणी प्यायला क्षणभर उठल्या. आमचे हे तेवढ्यात ओवरीत शिरले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि पुढच्या बाजूचा धोतराचा कोपरा उचलला.

खाली शेणानं सारवलेली जमीन होती.

त्यांनी धोतर खाली सोडलं, बाहेर आले आणि वाढप्यांना हळूच सांगितलं, "एकेकच वाढा. आग्रह करू नगा."

माझ्या जुन्नरच्या मैत्रिणींनो, शहरात जेवण म्हणजे अन्न असतं. इथे जेवण म्हणजे आग्रह. घ्या पावणं, अर्धी तरी घ्या, माझी शपथ आहे, असं म्हणत वाढपी ताटापुढून हलत नाही आणि पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरून नाही नाही म्हणतो, तेव्हा कुठे दोघांचं समाधान होतं. त्या पंगतीला वाढपी एक भाकरी ठेवून पुढे गेला. परत आलाच नाही. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. ही शेतकरी माणसं, त्यांच्याही घरी तेच वर्ष चाललेलं. यजमानाचा आग्रह थांबला की घरात काय आहे ते पाहुण्याला कळतं. सगळे आमटी प्यायले, बोटं चाटली, तृप्त झालो म्हणाले आणि उठले. पुढच्या पंगतीत हे आधीच पोचलेलं होतं. तिथे तर वाढप्यानं भाकरी ठेवायच्या आत लोक म्हणायला लागले, बास, अर्धीच द्या.

शेवटची पंगत उठली. रिवाजाप्रमाणे सगळ्या गावासमोर आत्याबाईंनी धोतर उचललं.

भिंतीशी रास जशीच्या तशी उभी होती. कमरेइतकी.

पुढचा गोंधळ आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेला आहे. "देव पावला! रास वाढली!" घंटा वाजायला लागली, गुलाल उधळला. गेणभाऊ तर नाचले होते. भाऊ, मी फक्त जे झालं ते सांगते आहे.

आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. त्या राशीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा आनंदाचा नव्हता. आयुष्यभर हातानं ज्यांनी रास ओळखली, त्यांना एवढं कळत होतं की एवढी माणसं पोटभर जेवली असती तर एवढं उरलं नसतं. त्या म्हणाल्या, "आग्रह कुणी थांबवला?"

घंटा थांबली.

हे म्हणाले, "म्या."

"का रं?"

"रास सपली व्हती, आई. म्या बघितलं. धोतर उचललं व्हतं."

"कुठल्या बाजूनं?"

यांनी भिंतीशी उभ्या राशीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्होरल्या."

कुणी हसलं नाही. आज आपण हसलात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मला माझ्या नवऱ्याची कीव आली आणि त्याच वेळी भयंकर राग आला. दोन्ही एकदम येऊ शकतं, हे लग्न झालेल्या भगिनींना समजावून सांगायची गरज नाही.

आत्याबाई लेकाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "पावणं उपाशी गेलं." आणि मग केशरबाईंच्या रुपेशला हाक मारली, "रुपेश, टेम्पो काढ."

टेम्पोत रास चढली, आमटीच्या दोन बादल्या चढल्या, आणि आत्याबाईंना चौघांनी उचलून बसवलं. मी मागे लोंबकळत होते. टेम्पो फाट्यावर पोचला तेव्हा पाहुणे एसटीची वाट बघत झाडाखाली बसलेले होते. आत्याबाई खाली उतरल्या आणि सरळ आजच्या प्रमुख पाहुण्यांपुढे, जानकूबाबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, हात धुवा."

जानकूबाबा म्हणाले, "न्हाई माय, पोट तट्ट भरलंय. लई जेवलो."

"माझ्याकडं बघून सांगा."

जानकूबाबांनी जमिनीकडे बघितलं. मग त्यांनी तांब्या घेतला आणि हात धुतले.

त्या दिवशी फाट्यावर पंगत बसली. एसटी आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आत्याबाईंनी त्याच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, "आवाज करू नगं दादा, माणसं जेवत्यात. तू बी खाली उतर." तो उतरला. कंडक्टर उतरला. यात्रेशी काही संबंध नसलेले, आळेफाट्याला निघालेले प्रवासीही उतरले. ज्यांना घाई होती, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढले. आत्याबाई म्हणत होत्या, घ्या, अर्धी तरी घ्या, माझ्या गळ्याची आण आहे. आणि जानकूबाबांसारखी म्हातारी माणसं दोन्ही हात ताटावर आडवे धरून नको नको म्हणत होती. सगळं कसं रीतसर झालं.

हे मोटारसायकलवरून मागून आले होते. रस्त्याच्या पलीकडे गाडी हातात धरून उभे राहिले. स्टँडवरसुद्धा लावली नाही. अलीकडे यायचं धाडस त्यांना झालं नाही.

रास सपाट झाली तेव्हा दिवस कलला होता. आत्याबाईंचा शब्द राहिला. पाहुणे जेवून गेले, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या राशीवर बसल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही बसल्या. पण यांनी समितीचा राजीनामा दिला. गेली पाच वर्षं यात्रेच्या दिवशी हे पार गावाच्या वेशीवर गाड्या लावून घ्यायला उभे असतात. ओवरीच्या बाजूला फिरकत नाहीत. प्रसादाचं ताट मी वेशीवर नेते, ते तसंच परत आणते. आणि मायलेकरांत या विषयावर एक अक्षर नाही. गाईला पेंड घातली का, डेअरीची गाडी आली का, आज ऊन लई आहे, एवढंच. रुसवा नाही, भांडण नाही. घरात दोन माणसं एकमेकांची इतकी काळजी घेतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत, हे पाच वर्षं बघणं मला फार जड गेलं. हे मी आज पहिल्यांदाच मोठ्यानं बोलते आहे.

आता सत्कारमूर्तींनी माझ्यावर सोपवलेलं काम करते. आत्याबाई माईकवर बोलत नाहीत. त्यांचा निर्णय मी सांगावा, असं त्यांनी आज सकाळी मला सांगितलं.

राशीवर आजपासून कोण बसणार? आपल्या सगळ्यांची नजर माझ्याकडे आहे, ते मला दिसतंय. मलाही तसंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, ही साडी मी त्यासाठीच नेसले आहे. इतकी वर्षं आमटी उपसली, म्हटलं आता बसायचा मान मिळेल.

सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "राशीवर सुदर्शन बसंल."

मी म्हणाले, आत्याबाई, आजवर बाईच बसत आली.

त्या म्हणाल्या, "आजवर माझं गुडघंबी चांगलं व्हतं."

मी म्हणाले, पण त्यांनीच तर धोतर उचललं होतं.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "त्यानं येकदा बघितलंय. बघून काय व्हतं त्ये त्याला ठाव हाय, आता त्यो जन्मात बघणार न्हाई. तू अजून बघितलं न्हाईस, मास्तरीणबाई. तू बघशील."

मी शिक्षिका आहे, मी नक्की बघितलं असतं.

मग त्या साडीच्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आन् त्यानं कशापायी बघितलं, त्ये मला ठाव न्हाई व्हय? आईपायी बघितलं. पाच वरसं वाट बघतीय, आज इल, उद्या इल, आन् म्हणंल, आई, जेवायला वाढ. पावणं सगळं जेवलं त्या दिवशी, वृषाली. त्यो येकटा ऱ्हायलाय."

अहो, ऐकलंत ना? खांब सोडा आता. खांब मांडवाचा आहे, तो तुमच्याशिवाय उभा राहील. ओवरीत समई लावलेली आहे. मागच्या दारानं पाट्या यायला लागल्यात. केशरबाईही आल्या आहेत. जा, आईच्या हातून धोतर घ्या.

गेणभाऊ, जरा वाट द्या त्यांना. रडत असतील तर बघू नका कुणी.

माझं बोलणं लांबलं, याची मला जाणीव आहे. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, प्रमुख पाहुणे एवढ्या लांबून आले, केशरबाईंच्या आळीनं त्या वर्षी जे केलं ते कधी बोलून दाखवलं नाही, रुपेशनं डिझेलचे पैसे आजतागायत घेतलेले नाहीत, आणि आपण सर्वांनी एका सासूच्या सत्कारात सुनेला एवढा वेळ बोलू दिलंत, या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. घरचं दाराबाहेर काढलं, वडीलधाऱ्यांना टोचून बोलले, नवऱ्याला चारचौघांत नाव न घेता हाक मारली आणि त्याआधी नाव घेऊन बरंच काही बोलले, ते सगळं पोटात घाला आणि क्षमा करा.

पहिली पंगत बसते आहे. हात धुवून घ्या. भाकऱ्या किती आल्यात, ते मला विचारू नका. मला माहीत नाही. आणि ज्यांच्या हाताखाली आहेत, त्यांनाही माहीत नाही.